गोल डोळ्याची देवी

नांग रस्मिन आयुष्यात कधी कपड्यांच्या दोरीखालून गेले नव्हते. विहीर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये ती दोरी छातीइतक्या उंचीवर बांधलेली होती. आमच्याकडे सगळ्याच घरांत ती अशी खाली बांधतात, म्हणजे बायकांची नेसूची वस्त्रं पुरुषांच्या डोक्यावर फडफडत नाहीत. इतर पुरुष घाईत असले की इकडे तिकडे बघून पटकन वाकून निघून जायचे. नांग रस्मिन मात्र पाऊस असो की पोटात कावळे ओरडत असोत, भाताच्या कोठीला वळसा घालूनच विहिरीवर जात. चाळीस वर्षांत त्या वळशाची चांगली पायवाट झाली होती.

त्या दिवशीही ते त्याच वाटेने गेले, हातपाय धुतले आणि ओट्यावर मांडी घालून बसत म्हणाले, "वाढ गं. आज भूक लागलीय. पहिला डोळा उघडला!"

त्यांच्या बायकोने, मेन रस्मिनने, भाताची टोपली पुढे ठेवली, भाजलेला मासा ठेवला, मिरचीचा ठेचा ठेवला आणि तोंडातून शब्द काढला नाही. मागे चुलीपाशी त्यांची मुलगी रस्मिन तांदळाचं पीठ मळत होती. तीही गप्प. अंगणात फणसाखाली धाकटा दीर आणि त्याचा तरणाताठा मुलगा रुबाग उभे होते. एरवी त्या बापलेकांची जीभ टाळ्याला लागत नसे, पण आज तेही मूग गिळून होते.

आमच्याकडे पहिलं मूल झालं की आईबापाचं स्वतःचं नाव मागे पडतं. मग तो नांग अमका, म्हणजे अमक्याचा बाप, आणि ती मेन अमकी, म्हणजे आई. म्हणून धाकटा दीर झाला नांग रुबाग. आणि म्हणूनच अर्ध्या बेटावर ज्या चित्रकाराचं नाव गाजत होतं, ते नाव खरं पाहता त्याच्या मुलीचं होतं. पण हे कधी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मुलीच्याही नाही.

"मासा खारट झालाय का?" नांग रस्मिननी घास घेता घेता विचारलं. "कुणी बोलत का नाही? घरात कोण मेलंय?"

मेन रस्मिनने दिराकडे पाहिलं. दिराने झाडाकडे पाहिलं. रुबागने पायाच्या अंगठ्याने माती उकरायला घेतली. म्हणजे हे काम आपल्याच गळ्यात पडणार, हे तिला कळलं.

सकाळी काय झालं ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. भूकंपात गावच्या देवळाचा सभामंडप कोसळला, त्याला तीन वर्षं झाली होती. आता नवा मंडप उभा राहिला होता, आणि त्याच्या छतावर पुन्हा सगळं जग चढलं होतं. कडेला नरकाच्या फळ्या, त्यांच्या वर माणसांच्या, आणि अगदी शिखरापाशी स्वर्ग. रेघा नांग रस्मिनच्या, रंग मायलेकींचे. घराण्याची रीतच ती. पुरुषाने रेघ ओढायची, बाईने रंग भरायचा. रंगाखाली रेघ बुडते, म्हणून शेवटी पुरुषाने ती काळ्या शाईने पुन्हा वर आणायची. एवढं सगळं जमिनीवर बसून होतं. फक्त डोळे कोरे ठेवतात. डोळे फळ्या छताला बसल्यावर, परांचीवर चढूनच उघडायचे. जमिनीवर उघडले तर देवांना पहिल्यांदा दिसणार काय, तर माणसांची पावलं.

तर सकाळी नांग रस्मिन परांचीवर चढले, हाताने फळ्या चाचपत सरकले, आणि एका दमात, न थांबता, एक देखणा, गोल, बटबटीत डोळा काढला. स्वर्गाच्या राक्षसी द्वारपालाला शोभेल असा. अडचण एकच होती. तो डोळा त्यांनी देवीला काढला होता.

आमच्या चित्रांत डोळ्यावरून माणूस ओळखतात. देव, राजे, सज्जन यांचा डोळा भाताच्या दाण्यासारखा बारीक आणि लांब. बायकांचा तसाच, पण थोडा खाली झुकलेला. गोल डोळा राक्षसाचा. पाच वर्षांचं पोरही यात चुकत नाही.

"अहो," मेन रस्मिन म्हणाली, "सकाळी तुम्ही ज्याचा डोळा उघडलात, तो द्वारपाल नव्हता."

"मग कोण होता?"

"स्वर्गाच्या दारातली देवी. कमळ घेतलेली. तुमची एक फळी मोजायची चुकली."

त्यांचा हात टोपलीतच राहिला.

"काहीतरी बोलू नकोस. मला दिसलं असतं."

"नाही दिसलं."

ती हे हळूच म्हणाली, पण अंगणातल्या सगळ्यांना ऐकू गेलं. चुलीपाशी पीठ मळायचा आवाज थांबला.

"तुला कधीपासून माहितीय?" त्यांनी विचारलं. प्रश्न देवीच्या डोळ्याचा नव्हता.

"दोन सुग्या झाल्या. तुम्ही काळी शाई म्हणता आणि गेरूच्या वाटीत लेखणी बुडवता. रस्मिन आधीच वाट्या बदलून ठेवते."

नांग रस्मिननी डाव्या हाताने टोपली बाजूला सारली. संतापी माणूस तो. एकदा वाटाण्याएवढा रंग सांडला म्हणून त्यांनी रुबागला तीन दिवस घरात येऊ दिलं नव्हतं. आज ते ओरडले असते तर मेन रस्मिनला बरं वाटलं असतं. पण ते फक्त म्हणाले, "मांकूंना बोलवा."

मांकू म्हणजे आमच्या देवळाचे पुजारी. दात एकही उरला नव्हता, पण विडा मात्र दिवसभर तोंडात. ते आले, ओट्यावर टेकले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दिसलं मला सकाळीच. म्हटलं, घरचे सांगतात की नाही बघू."

"कवडीने घासून काढू या," नांग रुबाग घाईघाईने म्हणाला. "रंग ओला असेल तोवर निघेल. वर पांढरा हात मारला की झालं."

"उघडलेला डोळा फोडायचा?" मांकूंनी विडा या गालातून त्या गालात सारला. "तुझा एक फोडून बघू का आधी?"

"मग ही देवी अशीच राहणार? राक्षसासारखी? सगळा गाव हसेल आम्हाला!"

"आणि बाकीचे डोळे?" मांकू म्हणाले. "अजून एक्केचाळीस आकृत्या आंधळ्या आहेत. मंडपाची प्रतिष्ठा चौथ्या दिवशी. हा मुहूर्त हुकला तर पुढचा आपल्या पंचांगाचं वर्ष उलटल्यावर, दोनशे दहा दिवसांनी, आणि तोवर पंचमंडळी थांबतील असं मला वाटत नाही. डोंगरापलीकडच्या गावातून चित्रकार आणतील."

पाच पिढ्या त्या मंडपाची चित्रं याच घराने काढली होती. नांग रस्मिन मान खाली घालून बसले होते. मेन रस्मिनने त्यांना आजवर असं पाहिलं नव्हतं, आणि तिला त्यांच्याकडे बघवेना.

"आमचा रुबाग आहे की," नांग रुबाग घसा खाकरत म्हणाला. "दादाला मुलगा नाही. आज ना उद्या लेखणी याच्याच हातात यायची आहे. उद्याच येऊ दे."

हे तो भूकंपाच्याही आधीपासून म्हणायची वाट बघत होता. मेन रस्मिनला ते ठाऊक होतं, आणि त्यात त्याचं काही चुकतंय असंही तिला वाटत नसे. रीतीने ते तसंच व्हायचं होतं.

पण रुबागच मान हलवायला लागला. "बापा, माझा डोळा तुम्ही बघितलाय ना? मागच्या वर्षी मी राजपुत्र काढला, तर रस्मिनताईने विचारलं, याला झोप आलीय का ताप?"

"गप्प बस!"

"गप्प कसा बसू? सगळे डोळे झोपाळू झाले तर मंडपात देव नुसते घोरतील."

मांकू हसले. नांग रुबागच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"डोळा पुसायची गरज नाही. बाकीची देवी बदलायची."

रस्मिन दारात उभी होती. कोपरापर्यंत हात पिठाने पांढरे. तिशी उलटलेली, अंगाने सडसडीत, बोलायला कमी. दोनदा तिला मागणी आली होती, पण रंगाचा असा हात घराबाहेर जाऊ द्यायला नांग रस्मिन तयार झाले नाहीत, आणि तिला काय हवं हे कुणी विचारलं नाही. मेन रस्मिननेही नाही.

"काय म्हणालीस?" मांकूंनी विचारलं.

रस्मिनने उत्तर दिलं नाही. ती विहिरीपाशी गेली. तिथली माती ओली आणि गुळगुळीत होती. खराट्यातला एक हीर मोडून ती उकिडवी बसली आणि आधी डोळा काढला. गोल. हुबेहूब बापाचा, सकाळी छतावर काढलेला तोच, वरच्या पापणीला तोच झोक. मग ती त्या डोळ्याभोवती फिरायला लागली. भुवया उचलून ज्वाळांसारख्या कपाळावर चढवल्या. मिटलेल्या ओठांच्या कोपऱ्यांतून दोन सुळे काढले. बांधलेला अंबाडा सोडला आणि केस चारी बाजूंना उधळले. पण हातातलं कमळ तसंच ठेवलं, बोटांचा नाजूक बाक तसाच, गळ्यातले दागिने तसेच. हीर एकदाही मागे आला नाही की थबकला नाही.

मघापर्यंत ज्या डोळ्याची लाज वाटत होती, तोच डोळा आता त्या चेहऱ्यात असा बसला होता, जणू सगळी देवी त्याच्यासाठीच घडवली असावी.

"ही रौद्र झाली," रस्मिन म्हणाली. "स्वर्गाच्या दारात उभी. आत जायचं असेल त्याने आधी हिच्या नजरेतून जायचं. केस आधीच काळे आहेत, ते वाढवता येतील. सुळ्यांना हाडाचा पांढरा रंग लागेल, तो घरात आहे."

मांकूंचं विडा चघळणं थांबलं होतं. ते ओट्यावरून उतरून आले आणि त्या ओल्या मातीसमोर नकळत हात जोडून उभे राहिले. मग आपण कुणासमोर हात जोडलेत हे ध्यानात येऊन स्वतःशीच पुटपुटले, "बापरे."

"मला दाखवा," नांग रस्मिन म्हणाले.

कसं दाखवणार? मेन रस्मिनने त्यांचा हात धरून त्यांना विहिरीपाशी आणलं. भाताच्या कोठीला वळसा घालून, अर्थातच. ते गुडघ्यांवर बसले, मातीवर हात ठेवला, आणि हिराने पडलेल्या खाचेतून तर्जनी फिरवायला लागले. डोळ्यापासून भुवईकडे, भुवईवरून केसांत. सगळं अंगण त्या एका बोटाकडे बघत होतं. एका बटेच्या टोकाशी बोट थांबलं, जरा मागे आलं, पुन्हा तिथेच गेलं.

"इथे श्वास घेतलास."

"हो बापा."

"मीही इथेच घेतो."

ते तसेच बसून राहिले. बोटाला माती लागली होती ती त्यांनी पुसली नाही. मेन रस्मिन चाळीस वर्षं त्या माणसाच्या रेघांत रंग भरत आली होती. तिच्या रेघांची गोष्टच कधी निघाली नव्हती. आणि आता तिच्या पोटच्या पोरीची रेघ तो आंधळ्यासारखा वाचत होता आणि वाचून गप्प झाला होता. तिला रडावंसं वाटलं, हसावंसंही वाटलं, आणि दोन्ही करायची सोय नव्हती.

"हिला शिकवलं कुणी?" नांग रुबाग म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "रेघ पुरुषाची असते! या मुलीने जन्मात कधी डोळा काढलेला नाही!"

"नाही काढला?" मेन रस्मिन म्हणाली. आपण बोलतोय हे तिला बोलायला लागल्यावर कळलं. "दर उत्सवाला देवळात नैवेद्याचा मनोरा जातो, भावोजी. तांदळाच्या पिठाच्या देवता, अप्सरा, हत्ती, माकडं. शेकड्याने तोंडं असतात त्यावर. ती तोंडं कोण करतं? हीच करते, दहा वर्षांची होती तेव्हापासून. आणि त्या सगळ्यांना डोळे असतात."

"ते खाऊ झालं, वहिनी! ते चित्र नव्हे!"

"खाऊच. तुम्हीच खाल्लेत ते. मागच्या उत्सवात तुम्ही तीन अप्सरा आणि एक हत्ती तळून खाल्लात. इतके डोळे पोटात गेले, तरी तुम्हाला दिसलं नाही, त्याला ती काय करणार?"

रुबाग फणसाच्या खोडाकडे तोंड करून खिदळायला लागला. मांकूंनी खोकला आल्याचं सोंग केलं.

"हसा," नांग रुबाग म्हणाला. "पण हे मंडपाचं छत आहे. ही परांचीवर चढणार, म्हणजे खाली बसलेल्या पुरुषांच्या डोक्यावर बाईचे पाय. देवळात! हे चालेल तुम्हाला, मांकू?"

मांकूंनी विडा थुंकला. जबाबदारीचा माणूस तो, नुसत्या थट्टेवर निभावणार नव्हतं. "पटकीच्या साली," ते शेवटी म्हणाले, "आपण दोन मुलींना धूप देऊन पुरुषांच्या खांद्यांवर उभं केलं आणि गावभर नाचवलं. रोग हटला. त्यातल्या एकीचे पाय कुणाच्या खांद्यावर होते, रे?"

"माझ्या. पण तेव्हा तिच्यात देव उतरला होता!"

"मग डोळा उघडताना हिच्या हातात कोण उतरणार? मांजर?"

पण नांग रुबाग हरणाऱ्यांतला नव्हता. त्याने डोक्यावरचं मुंडासं काढून दोन्ही हातांत धरलं. त्या पांढऱ्या मुंडाशावर काळ्या शाईचे तीन जुने डाग होते, आणि ते तो सणासुदीला मुद्दाम दिसतील असं बांधायचा. डोळे उघडताना घराण्यातला एक पुरुष बरोबर चित्रकाराच्या खाली बसतो, मूलबाळ झालेला. तो करवंटीत शाई खलतो, धुपावर धरतो आणि दोरीने वर पाठवतो. वरून थेंब डोक्यावर पडला तर तो प्रसाद. आपल्या भावाच्या खाली बसून नांग रुबागने तीन थेंब मिळवले होते.

"चढू दे तिला," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. "पण मी तिच्या खाली बसणार नाही. दादाच्या खाली बसलो तो माझा मान होता. बाईच्या पायांखालचा थेंब मी डोक्यावर घेणार नाही. माफ करा."

"मी बसतो," रुबाग म्हणाला.

"तुझं लग्न व्हायचंय. रीत माहितीय ना?" बाप म्हणाला.

मांकूंनी मान डोलावली. "तेवढं खरं. शाई खालून गेल्याशिवाय डोळा उघडत नाही. आणि ज्याच्या डोक्यावर पाय येणार, त्याला आपण होऊन कबूल व्हावं लागतं. तिथे मी जबरदस्ती करणार नाही."

आता घरात मूल झालेला पुरुष एकच उरला होता. सगळ्यांनी विहिरीकडे पाहिलं. नांग रस्मिन अजून मातीवर बसले होते. ते उठले. कुणाचा हात घेतला नाही. चाचपडत कोठीपर्यंत गेले, तिला वळसा घातला, आपल्या झोपायच्या ओट्यावर चढले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"मिळालं उत्तर," नांग रुबाग म्हणाला. पण तो म्हणाला अगदी हळू, आणि त्यालाही त्यात आनंद वाटलेला दिसला नाही.

मेन रस्मिन स्वयंपाकघरात आली तेव्हा मुलगी पुन्हा पिठाला बसली होती. प्रतिष्ठेच्या नैवेद्याची एक छोटी अप्सरा तिच्या तळव्यावर होती आणि ती काडीने तिला डोळा काढत होती. भाताच्या दाण्यासारखा, किंचित झुकलेला.

"तुला हवंय का गं हे?" आईने विचारलं. हा प्रश्न विचारायला तिला तीस वर्षं लागली होती.

रस्मिन काम करत राहिली. मग म्हणाली, "मेमे, मी इतके डोळे काढले, की मोजायला बसले तर भात नासेल. दोन दिवसांत ते सुकतात, फुटतात, उरलेले कोंबड्या टिपतात. त्याचं मला वाईट वाटत नाही, ते देवाचंच असतं. पण एक तरी डोळा असा काढावासा वाटतो, जो मी मेल्यावरही बघत असेल." तिने अप्सरा फडक्यावर ठेवली. "बापा बसणार नाहीत. मला माहितीय. जाऊ दे."

मेन रस्मिनने बाही वर केली आणि पीठ पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा नवऱ्याचा ओटा रिकामा होता. कोठीपाशी नाही, विहिरीवर नाही. गुत्त्यात जाऊन बसले असतील, किंवा शेतातल्या खोपीत. बसू देत, तिने स्वतःशी म्हटलं, आणि तरीही तिचे डोळे भरून आले. हाडाचा पांढरा, काजळीची शाई, बांबूच्या लेखण्या, सगळं तिने टोपलीत भरलं. कशासाठी भरलं ते तिला सांगता आलं नसतं.

"कुठे निघालीस?" रस्मिनने विचारलं.

"मंडपात. मांकूंना सांगायला नको का, की येत नाही म्हणून? चल."

"त्याला टोपली कशाला लागते?"

"चल म्हटलं ना!"

देवळाच्या बाहेर गावातले पंधरावीस पुरुष जमले होते. बातमी पसरायला आमच्याकडे वारा लागत नाही. मांकूंनी सगळ्यांना मंडपाच्या बाहेर काढलं होतं. नांग रुबाग दारातल्या दगडी सिंहाला टेकून उभा होता, डागांचं मुंडासं बांधून. मायलेकी येताना पाहून त्याने मान फिरवली.

मंडपात ऊन तिरकं आलं होतं. परांचीचे बांबू, वर ते सगळं आंधळं जग, आणि त्यात एकच उघडा, गोल डोळा. त्या डोळ्याच्या बरोबर खाली, चटईवर, नांग रस्मिन बसले होते. अंगावर उत्सवाचं धोतर, डोक्यावर नवं कोरं पांढरं मुंडासं. पुढ्यात धूप पेटलेला. करवंटी दोन्ही तळव्यांत धरून ते शाई खलत होते.

मेन रस्मिनच्या हातातली टोपली खाली टेकली. रस्मिन तर खांबापाशीच थिजली.

"पहाटेपासून बसलाय," मांकू हळूच म्हणाले. "एकटा आला, भिंती धरत. मी म्हटलं, हात देतो. तर म्हणाला, मला जागा तेवढी दाखवा."

"आली का?" नांग रस्मिननी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "काजळी मी खललीय. सरस जरा जास्त घातलाय, वर उष्णता फार असते. वाट्या कुणी बदलू नका. माझ्या मीच लावल्यात."

"बापा," रस्मिन म्हणाली. "तुमच्या डोक्यावर..."

"माझ्या डोक्यावर काय असावं ते मी ठरवतो. चढ."

ती चढली. बांबू करकरले. बाहेरच्या पुरुषांत कुजबुज झाली आणि मग तीही विरली. करवंटी दोरीला लागून वर गेली. रस्मिन परांचीवर पाठीवर झोपली, एक पाय आडव्या बांबूला अडकवून, आणि बराच वेळ काहीच झालं नाही. मेन रस्मिनला वाटलं, घाबरली. मग लेखणी टेकली.

खालून बघताना ती सारखी स्वतःला सांगत होती की या फळीतला हिरवा मी भरलाय, तो कमळाचा लाल मी. पण थोड्या वेळाने ते विसरलं. भुवया उठल्या. केस सुटले, एकेक बट बाजूच्या फळीपर्यंत धावली. ओठांतून सुळे आले. काल मातीवर हातभर होती ती देवी आता छतभर झाली, आणि तिच्या त्या गोल डोळ्याने खाली पाहिलं, सगळ्यांना एकदम पाहिलं. मांकू जमिनीवर बसले. बाहेर कुणीतरी मोठ्याने श्वास घेतला. हिला मी जन्म दिला, मेन रस्मिनच्या मनात आलं. ही माझ्या चुलीपाशी पीठ मळते.

मग रस्मिनने जागा न सोडता हात पुढच्या फळीकडे नेला, आणि स्वर्गातल्या दुसऱ्या स्त्रीचा डोळा उघडला. बारीक, लांब, किंचित झुकलेला. लेखणी मागे घेताना एक थेंब सुटला.

तो नांग रस्मिनच्या मुंडाशावर पडला. कोऱ्या पांढऱ्यावर, मधोमध. परांचीवर रस्मिन ताडकन उठून बसली. बाहेरचे सगळे मंडपाच्या पायरीशी आले होते, त्यांत नांग रुबागही होता, आणि तो भावाच्या डोक्याकडे बघत होता. नांग रस्मिननी हात वर नेला, ओलावा चाचपला, बोट नाकाशी नेऊन वास घेतला.

"सरस बरोबर पडलाय," ते म्हणाले.

त्यांनी डाग पुसला नाही. त्यांनी चेहरा वर केला, जिथे त्यांना नुसता उजेड दिसत असेल तिथे. मग हळूच म्हणाले, "कशी झालीय गं? तू सांग. तुला कळतं."

चाळीस वर्षांत त्यांनी तिला हे कधी विचारलं नव्हतं. मेन रस्मिनने वर पाहिलं.

"तुमच्यापेक्षा चांगली," ती म्हणाली.

त्यांनी मान डोलावली. वर बांबू पुन्हा करकरले. रस्मिन तिसऱ्या फळीकडे निघाली होती. नांग रस्मिननी चटईची कड पकडली आणि बसल्या बसल्याच, दगडी फरशीवर गुडघे घासत, आवाजाच्या मागे मागे सरकायला लागले.

"तिच्या बरोबर खाली आलो का?" त्यांनी विचारलं.

"अजून वीतभर डावीकडे."

ते वीतभर सरकले.

"आता?"

"आता आलात," ती म्हणाली.

"मग सांग तिला, करवंटी खाली सोड म्हणावं. शाई भरून देतो."